सिरपूरचं पाणी चांगलं आहे का? आधी सांगा, कशासाठी

जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर या दोन शहरांना रामसर कराराखाली 'पाणथळ शहर' ही मान्यता मिळाली. भारतातली ही पहिलीच दोन शहरं. तेव्हापासून आपल्याकडे इंदुरात चहाच्या टपरीवर असो की सोसायटीच्या ग्रुपवर, तलावांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, "अहो, जगाने नावाजलंय, आता तरी मान्य करा." दुसरे लगेच किनाऱ्याला साचलेल्या जलकुंभीचा, म्हणजे जलपर्णीचा, फोटो पुढे करतात आणि विचारतात, "हे का तुमचं स्वच्छ पाणी?"

गंमत म्हणजे दोघेही बरोबर असू शकतात. पाणी चांगलं की वाईट, हा मुळात एका शब्दात उत्तर देण्याजोगा प्रश्नच नाही. पाण्याची परीक्षा कशी घेतात, कोणता आकडा काय सांगतो आणि काय लपवतो, हे एकदा समजून घेतलं की पेपरात येणारी अर्धी भांडणं आपोआप मिटतात.

मान्यता मिळाली म्हणजे पाणी शुद्ध झालं ना?

नाही. रामसर हा १९७१ साली इराणमधल्या त्या नावाच्या गावी झालेला करार. तो पाणथळ जागा वाचवण्यासाठी आहे. पाणथळ जागा म्हणजे वर्षभर किंवा काही महिने उथळ पाण्याखाली असणारी जमीन, तलावाच्या काठच्या दलदलीसकट. आपले सिरपूर आणि यशवंत सागर हे इंदूरचे दोन्ही तलाव २०२२ साली या कराराच्या यादीत गेले. यादीत जायचे निकष आहेत ते पक्ष्यांचे, माशांचे, दुर्मीळ जीवांच्या आसऱ्याचे. गंभीर नदीवरचा यशवंत सागर हा मध्य भारतात सारस क्रौंचाचा मोठा आधार मानला जातो. सिरपूरला शंभराहून जास्त जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. पाणी ग्लासात ओतून प्यायलं तर काय होईल, हा प्रश्न त्या अर्जात नसतो.

उलट रामसरच्या नोंदीत सिरपूरचं वर्णन आहे ते असं: उथळ, क्षारीय, पोषणद्रव्यांनी समृद्ध, पावसाळ्यात फार तर दोन मीटर खोल. यातल्या 'पोषणद्रव्यांनी समृद्ध' या शब्दांवर हुरळून जाऊ नका. तलावाच्या बाबतीत ते कौतुक नसतं. ते का, ते पुढे येईलच.

यादीत नाव असूनही प्रकृती ढासळलेल्या जागांची रामसरची एक वेगळी नोंदवही आहे. भरतपूरचं केवलादेव आणि मणिपूरचं लोकटक, ही आपली दोन नावं १९९०च्या दशकापासून त्यात आहेत. तेव्हा बिल्ला हा बिल्ला आणि पाणी हे पाणी. एवढं मात्र म्हणायला हवं की सिरपूर आज तलाव म्हणून शिल्लक आहे, याचं श्रेय भालू मोंढे यांना आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं तिथे राबलेल्या माणसांना आहे. मोंढ्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. अतिक्रमणं आणि शिकार यांच्याशी झगडण्यात माणसाची उमेद खर्ची पडते, तेव्हा कुठे पुढची पायरी येते, पाणी तपासायची.

चांगलं, पण कशासाठी?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने याचं उत्तर फार शहाणपणाने दिलं आहे. त्यांनी पाण्याचे 'अ' ते 'ई' असे पाच वर्ग पाडले ते वापरानुसार. 'अ' म्हणजे नुसतं निर्जंतुक केलं की पिता येईल असं मूळ पाणी. 'ब' म्हणजे अंघोळीला, पोहायला चालेल असं. 'क' म्हणजे तुरटी, गाळणी, क्लोरीन असे सगळे सोपस्कार करून मग पिण्याजोगं होणारं. 'ड' म्हणजे मासे आणि वन्यजीव जगतील असं. आणि 'ई' म्हणजे शेतीला किंवा कारखान्यात यंत्रं थंड करायला.

निकषही त्याप्रमाणे बदलतात. 'ड' वर्गात जंतूंची अटच नाही. तिथे लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, अमोनिया मर्यादेत हवा आणि आम्ल-अल्कतेचा आकडा, म्हणजे पीएच, ६.५ ते ८.५ मध्ये हवा. बगळ्याला कॉलरा होत नाही, म्हणून जंतू मोजले नाहीत, इतकं साधं आहे ते. 'ब' वर्गात मात्र प्राणवायू ५ हवा आणि १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जातीचे जंतू ५०० च्या वर नकोत. म्हणजे एकच पाणी एकाच दिवशी हळदी-कुंकू बदकासाठी उत्तीर्ण आणि तुमच्या नातवाच्या पोहण्यासाठी नापास असू शकतं. दोन्ही निकाल खरे.

कुठल्याही बातमीत 'तलावाचं पाणी योग्य' असं वाचलंत की कोणत्या वर्गासाठी योग्य, हे शोधा. बऱ्याचदा लिहिलेलं नसतं.

प्राणवायू: पहाटेचा आणि दुपारचा

आता परीक्षेकडे येऊ. तलावाबद्दल एकच गोष्ट मोजायची परवानगी मिळाली, तर मी पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजेन. त्याला तपासणीच्या भाषेत डीओ म्हणतात.

लिटरभर हवेत अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. लिटरभर पाण्यात किती? इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. इथे ३० अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून विरघळून जास्तीत जास्त ७ मिलिग्रॅम मावतो. पाणी जितकं तापेल तितका आणखी कमी. एवढ्या तुटपुंज्या शिधेवर मासे, किडे, शंख-शिंपले आणि अब्जावधी जिवाणू जगत असतात. म्हणून मे महिना तलावाला जड जातो.

मोजायची पद्धत १८८८ साली हंगेरीच्या लायोश विंकलर या रसायनशास्त्रज्ञाने काढली आणि ती आजही चालते. ती बघण्यासारखी आहे. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली अशी भरायची की आत बुडबुडा राहता कामा नये, कारण एका बुडबुड्यातली हवाही आकडा बिघडवते. काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट सोडायचं, मागोमाग आयोडाइड मिसळलेलं अल्कली द्रावण. बूच लावून बाटली खालीवर केली की आत तपकिरी साका धरतो आणि सावकाश तळाला बसतो. साका पांढराच राहिला तर समजावं, पाण्यात प्राणवायू जवळपास नाही. मग जपून गंधकाम्ल घालायचं. साका विरघळतो आणि पाणी सोनेरी पिवळं होतं, कारण जितका प्राणवायू होता तितकं आयोडीन मोकळं झालेलं असतं. आता प्रयोगशाळेत त्यातलं २०० मिलिलिटर पाणी घेऊन थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं. पिवळा रंग फिका पडला की स्टार्चचे थोडे थेंब. पाणी गडद निळं होतं. पुढे एका थेंबाला ते निळं पाणी एकदम नितळ होतं. तिथे थांबायचं. द्रावणाची तीव्रता अशी ठरवलेली असते की जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितकेच मिलिग्रॅम प्राणवायू एका लिटरमध्ये. हिशेब करायलाही नको.

आता खरी मेख. हा आकडा दिवसभर बदलतो. हिरव्यागार तलावात सूक्ष्म शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं. दुपारी तीनला मोजलंत तर १२ मिलिग्रॅमही निघेल, हवेतून मावतो त्याहूनही जास्त. वाचणारा म्हणेल, काय सुरेख पाणी! रात्री ऊन नाही, पण श्वास सगळ्यांचा चालू, शेवाळाचासुद्धा. पहाटे पाचला त्याच जागी तो २ च्या खाली गेलेला असू शकतो. मासे मरतात ते याच वेळी. सकाळी फिरायला गेलेल्यांना तलावाच्या कडेला मेलेले मासे दिसतात आणि 'कोणीतरी विष घातलं' अशी बोलवा उठते. कधी ते खरंही असतं. पण पावसाळी ढगांचे दोन-तीन दिवस, त्याआधी साचलेलं भरपूर शेवाळ, आणि मग अशी सकाळ, हे जुळलं असेल तर विष घालणाऱ्याला शोधायच्या आधी डीओ मोजावा.

सरकारी कर्मचारी नमुना घ्यायला येतो साधारण अकरा-बाराला. कार्यालय उघडणार, गाडी मिळणार, मग तो येणार. त्यात त्याची चूक नाही. पण अहवालात वेळ लिहिलेली नसेल तर डीओच्या आकड्याला मी तरी फारसा भाव देत नाही. दुपारी पीएचसुद्धा चढतो, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. पीएच ९ कडे गेला की पाण्यातल्या अमोनियाचा जास्त वाटा विषारी रूपात येतो. तेव्हा दुपारी प्राणवायू भरपूर आणि तरी मासे अस्वस्थ, असंही होतं.

बीओडी म्हणजे काय?

बातम्यांत सगळ्यात जास्त येणारं आणि सगळ्यात कमी समजलेलं हे नाव. लग्नात किती माणसं जेवली हे कळायला आचारी माणसं मोजत बसत नाही, उष्ट्या पत्रावळी मोजतो. बीओडीत तेच करतात. पाण्यात सडण्याजोगी घाण, म्हणजे मैला, खरकटं, निर्माल्य, पालापाचोळा, किती आहे हे थेट मोजणं कठीण. पण ती घाण खाताना जिवाणूंनी प्राणवायू किती संपवला हे मोजता येतं.

नमुन्याचा डीओ पहिल्या दिवशी मोजायचा. जोडीची बाटली अंधारात २७ अंशावर तीन दिवस ठेवायची आणि पुन्हा मोजायचं. फरक तो बीओडी. अंधार यासाठी की आतलं शेवाळ नवा प्राणवायू बनवून हिशेब गोंधळात टाकू नये. युरोप-अमेरिकेत हेच २० अंशावर पाच दिवस करतात. आपल्या हवेला साजेसा बदल आपण केला आहे.

पोहण्याच्या पाण्याला बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. घरातून निघणाऱ्या कच्च्या सांडपाण्याचा असतो २०० ते ३००. वर पाहिलं की उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायूच मुळी ७ मिलिग्रॅम मावतो. सांडपाण्याचा एक नाला उथळ तलावात उतरला तर काय होणार, हे या दोन आकड्यांवरूनच कळतं. नाला तोंडाशी फेसाळतो, काळा होतो, आणि त्या कोपऱ्यात सडक्या अंड्याचा वास येऊ लागतो. तो वास प्राणवायू संपल्याची पावती असते. इथून पुढे जे जिवाणू काम करतात त्यांना प्राणवायू लागत नाही आणि त्यांचं उत्सर्जन म्हणजे हायड्रोजन सल्फाइड.

पाणी हिरवं का होतं?

याचं उत्तर सापडलं ते कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, '२२६' हा क्रमांक असलेल्या एका तलावात. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तलावाच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला. एकाच भागात त्याशिवाय फॉस्फरस घातला. तो भाग काही आठवड्यांत हिरवा पडला, दुसरा होता तसाच राहिला. विमानातून काढलेला त्याचा फोटो जगभर गाजला, कारण तोपर्यंत साबण-डिटर्जंट बनवणाऱ्या कंपन्या दोष कार्बनवर ढकलत होत्या.

फॉस्फरस शेवाळाला इतका थोडा लागतो की एक किलो फॉस्फरसवर ओलं शेवाळ पाचशे किलोपर्यंत वाढू शकतं. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम फॉस्फरस झाला की तलाव अतिपोषित मानतात. 'पोषणद्रव्यांनी समृद्ध' ते हे. फॉस्फरस येतो कुठून? माणसाच्या मलमूत्रातून, कपड्याच्या-भांड्यांच्या साबणातून आणि शेतातून. यशवंत सागरच्या पाणलोटात सोयाबीन, गहू, बटाटे. पेरणीच्या वेळी दिलेलं डीएपी हे फॉस्फरसयुक्त खत पहिल्या धुवांधार पावसात काळ्या मातीला चिकटून वाहतं आणि थेट तलावात उतरतं.

हिरवेपणा मोजायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे सेक्कीची तबकडी. आंजेलो सेक्की हे इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. १८६५ साली त्यांनी समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. आज तलावासाठी वापरतात ती २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची. दोरीला बांधून होडीच्या सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी झाली की खोली टिपायची, वर ओढताना पुन्हा दिसली की टिपायची, आणि दोन्हींची सरासरी काढायची. शाळेतली पोरंही करू शकतात. १९७७ साली रॉबर्ट कार्लसन यांनी या खोलीवरून तलावाच्या पोषणपातळीचा निर्देशांक बांधला. त्यात तबकडी १ मीटरवर नाहीशी झाली तर निर्देशांक ६०. अर्ध्या मीटरवर झाली तर ७०. पन्नाशीच्या पुढे तलाव पोषणाने भारावलेला समजतात.

पण आपल्या माळव्यात एक पथ्य पाळायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ असतं ते काळ्या मातीच्या गाळाने. तेव्हा तबकडी वीतभरातच नाहीशी होईल आणि निर्देशांक आकाशाला भिडेल, पण त्याचा शेवाळाशी संबंध नसेल. गाळ खाली बसल्यावर, नोव्हेंबर ते मार्च, या तबकडीवर विश्वास ठेवावा.

दिसत नाही ते

पाणी नितळ आहे, वास नाही, डीओ झकास आहे, आणि तरी ते पिऊन माणूस आजारी पडेल, हे शक्य आहे. त्यासाठी कोलिफॉर्म तपासतात. हे बहुतेक निरुपद्रवी जंतू. पण त्यातली ई. कोलाय ही जात माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहते. ती पाण्यात सापडली याचा अर्थ विष्ठा पाण्यात आली आहे. विष्ठा आली तर तिच्याबरोबर टायफॉइड, कावीळ, कॉलरा येण्याची वाटही मोकळी आहे. प्रत्येक रोगाचा जंतू वेगळा शोधत बसण्यापेक्षा ही खूण शोधणं सोपं.

नमुन्याचे वेगवेगळे माप लॅक्टोज असलेल्या द्रावणाच्या नळ्यांत घालतात. प्रत्येक नळीत एक छोटी नळी उलटी ठेवलेली असते. एक-दोन दिवसांत जंतू वाढले तर वायू निघतो आणि त्या उलट्या नळीत बुडबुडा अडकतो. किती नळ्यांत बुडबुडा आला त्यावरून कोष्टकात बघून १०० मिलिलिटरमधल्या जंतूंचा अंदाज काढतात. अंदाज म्हटलं ते मुद्दाम. अहवालात १,७०० लिहिलं असेल तर ते मोजलेले १,७०० नसतात, ती सर्वाधिक संभाव्य संख्या असते.

कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरला असे जंतू कोटीच्या घरात असतात. ते हजार पट स्वच्छ पाण्यात मिसळलं तरी १०,००० उरतात. 'क' वर्गाची, म्हणजे पूर्ण प्रक्रिया करून पिण्याच्या पाण्याची, मर्यादा आहे ५,०००. म्हणून 'एवढ्या मोठ्या तलावात एक नाला आला तर काय बिघडतं' या युक्तिवादात दम नाही.

नमुना घेण्यात मात्र डीओच्या उलट शिस्त. डीओची बाटली काठोकाठ भरायची, जंतूंची निर्जंतुक बाटली थोडी रिकामी ठेवायची, म्हणजे हलवता येते. झाकण शेवटच्या क्षणी उघडायचं, बोट आत लागू द्यायचं नाही, पृष्ठभागाच्या वीत-दीड वीत खालून पाणी घ्यायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळा गाठायची. बिसलरीच्या वापरलेल्या बाटलीत पाणी भरून दोन दिवस गाडीच्या डिकीत फिरवलं आणि मग तपासायला दिलं, तर येणारा आकडा तलावाचा नसून डिकीचा असतो.

"आमच्याकडे टीडीएसचं पेन आहे की"

आरओ बसवायला आलेला माणूस ते पेन बुडवून दाखवतो तेव्हापासून घराघरात हा गैरसमज रुजला आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. ते पेन खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतं आणि त्यावरून क्षारांचा अदमास सांगतं. जंतू विरघळलेले नसतात. कीटकनाशकाचा अंश विजेच्या वहनात फरक पाडत नाही. पावसाळ्यानंतर तलावाचं टीडीएस २०० येईल, पिण्याच्या पाण्याच्या ५०० च्या मर्यादेत आरामात बसेल, आणि त्याच पाण्यात लाखभर कोलिफॉर्म असतील. पेनला पत्ताही लागणार नाही. बोअरिंगचं पाणी खारट का लागतं, एवढं विचारायचं असेल तर पेन उपयोगी.

"मासे आहेत, पक्षी आहेत. अजून काय पुरावा हवा?"

कोणते मासे? तिलापिया कमी प्राणवायूत तग धरतो. मागूर वर येऊन थेट हवेतून श्वास घेतो. हे दोनच उरले आणि रोहू-कटला गेले, तर ती वाईट बातमी आहे. पक्ष्यांचंही तसंच. शेकाट्या हा लांब गुलाबी पायांचा देखणा पक्षी सांडपाण्याच्या डबक्यातही मजेत असतो, कारण तिथे चिखलातले किडे भरपूर. फोटो सुंदर येतो. पाण्याबद्दल तो काही सांगत नाही.

सांगतात ते तळातले लहान जीव. चिखल चाळणीत धुऊन बघितला आणि त्यात मेफ्लाय नावाच्या कीटकाची, तीन बारीक शेपट्या असलेली पिल्लं निघाली, तर पाण्यात प्राणवायू बरा आहे. नुसतेच लालभडक किडे आणि दोऱ्यासारख्या लाल अळ्या निघाल्या, तर तळ गुदमरलेला आहे. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तातल्यासारख्याच हिमोग्लोबिनचा. थोडका प्राणवायू पकडून ठेवायला तो लागतो. रासायनिक चाचणी त्या तासाचं पाणी सांगते. हे किडे गेल्या कित्येक आठवड्यांचं सांगतात, आणि नमुना घेणारा अकराला आला की पहाटे, याने त्यांना फरक पडत नाही. मला विचाराल तर आपल्या तलावांवर ही तपासणी फार कमी होते.

मग सगळ्याचा मिळून एक आकडा का नाही देत?

देतात. जल गुणवत्ता निर्देशांक म्हणतात त्याला. पहिला १९६५ साली हॉर्टन या अमेरिकनाने मांडला. आठ-दहा चाचण्यांना कमीजास्त वजन देऊन सरासरी काढायची आणि शंभरपैकी गुण द्यायचे. मंत्र्यांना, पत्रकारांना, तुम्हा-आम्हाला सोयीचं. पण सरासरीत वाईट गोष्ट झाकली जाते. सात चाचण्या उत्तम आणि एकटा ई. कोलाय भरमसाट, तरी निर्देशांक 'चांगला' म्हणू शकतो. शिवाय कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे ठरवणाऱ्याच्या हातात बरंच काही असतं. एकाच तलावाची दरवर्षीशी तुलना करायला निर्देशांक ठीक. तो देऊन मूळ आकडे दिले नाहीत, तर शंका घ्यावी.

"नाले तर बंद केले, तरी तलाव हिरवाच?"

हा प्रश्न रास्त आहे. २०२१ साली इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं, म्हणजे इथलं सांडपाणी प्रक्रिया न करता नदी-नाल्यात सोडलं जात नाही, असं प्रमाणपत्र मिळालं. कान्ह आणि सरस्वती या नद्यांत पडणारे नाले अडवायला मोठा खर्च झाला. मग तलाव लगेच का सुधारत नाहीत?

कारण तळाच्या गाळात वर्षानुवर्षांचा फॉस्फरस साठलेला असतो. तळाशी प्राणवायू असेपर्यंत लोह त्याला धरून ठेवतं. प्राणवायू संपला की ती पकड सुटते आणि जुना फॉस्फरस पाण्यात परत येतो. अमेरिकेत सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात पडणारं सांडपाणी १९६८ पर्यंत पूर्ण वळवलं आणि पुढच्या काही वर्षांत पाणी नितळ झालं. पण ते साठ मीटरहून खोल आहे. दोन मीटरच्या उथळ तलावात वाऱ्यानेसुद्धा तळ ढवळला जातो, त्यामुळे तिथे धीर जास्त धरावा लागतो. उन्हाळ्यात गाळ काढतात तो यासाठी. जलकुंभी उपसून काठावरच कुजू दिली, तर मात्र तिने शोषलेला फॉस्फरस पहिल्या पावसात पुन्हा आत.

ओघात गणपतीचंही बोलून घेऊ. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती महिनोन्‌महिने विरघळत नाही, आणि रंगात शिसं-क्रोमियम असेल तर ते गाळात बसतं. शाडूची मूर्ती बरी, पण तीही गाळ वाढवतेच, आणि निर्माल्याने बीओडी वाढतो. म्हणून केंद्रीय मंडळाने विसर्जनाआधी, दरम्यान आणि नंतर अशी तीन वेळा पाणी तपासायला सांगितलं आहे. घरच्या मूर्तीला बादली किंवा पालिकेचं कुंड पुरतं. तरीही माझं मत असं की विसर्जनावर आपण जितकं तावातावाने बोलतो त्याच्या दशांशही सांडपाण्यावर बोलत नाही. बाप्पा वर्षातून एकदा जातात. सांडपाणी ३६५ दिवस जातं.

"आपल्याला काय, आपल्याकडे नर्मदा आहे"

नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तर-एक किलोमीटर पाइपातून चढून येणारी नर्मदा आहे हे खरं, आणि तिच्या पाइपाचा तलावाशी थेट संबंध नाही. पण यशवंत सागरचं पाणी शहराला आजही दिलं जातं. आणि तलाव नुसता वर दिसतो तेवढा नसतो, तो खाली झिरपतो. बिलावली, पिपल्यापाला, सिरपूर यांच्या आसपासच्या वसाहतींत बोअरिंग आहेत. झिरपताना माती गाळ आणि बरेचसे जंतू अडवते. नायट्रेट मात्र अडत नाही. सांडपाण्यातला आणि युरियातला नायट्रोजन शेवटी नायट्रेट होऊन पाण्याबरोबर सरळ खाली जातो. त्याला रंग नाही, चव नाही.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि या मर्यादेला 'दुसरं पाणी नसेल तर थोडं जास्त चालेल' अशी सवलतही नाही. जास्त नायट्रेटचं पाणी घालून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची दुधाची पावडर कालवली, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि ओठ, नखं निळसर पडू शकतात. इथे आपल्या आज्यांचा उपाय उलटतो: पाणी उकळून नायट्रेट जात नाही, वाफ गेल्याने त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. साध्या कँडलच्या फिल्टरने किंवा क्लोरीनच्या गोळीनेही ते जात नाही. आरओने कमी होतं. तलावाजवळ राहत असाल, बोअरिंगचं पाणी पिण्यात असेल आणि घरात तान्हं बाळ असेल, तर टीडीएसचं पेन बाजूला ठेवा आणि प्रयोगशाळेत नायट्रेट आणि ई. कोलाय या दोन चाचण्या नाव घेऊन मागा. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा उलटल्यावर, कारण पहिल्या पावसानंतर दोन्ही आकडे बदललेले असू शकतात.